वाऱ्याचं दारं धरणं



स्मृतिव्याख्यानाला विषय भारदस्त असावा, असा संकेत आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब ज्या जालना जिल्ह्यात आहे, तिथे तर वक्त्याला भारदस्त विषयांची वाण पडू नये. आजचा विषय मात्र धूळ आहे. नेमकं सांगायचं तर कारखान्यातली धूळ ओढून नेणारा पंखा, आणि तो रात्रंदिवस खातो ती वीज.

सुरुवात खळ्यापासून केलेली बरी. उपणणी पाहिलेलं एखादं जुनं माणूस जालन्याच्या बहुतेक घरांत असतं. वावडी मांडायची, तिच्यावर चढायचं आणि पाटीतलं धान्य बेताबेतानं खाली सोडायचं. दाणा पायाशी पडे, भुसा वाऱ्यावर पलीकडे जाई. वारा पडला की हात थांबे. कधीकधी अख्खी दुपार वाऱ्याची वाट पाहण्यात जाई, कारण वारा फुकटचा होता, पण हुकमी नव्हता. कारखान्यात याच्या उलट झालं. बटण दाबलं की वारा सुटतो. पण तो विकतचा असतो, आणि पाटीत दाणा नसला तरी सुटलेलाच राहतो.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या जुन्या व्यापाराची. आज तो पाळणा बियाणं आणि सळई या दोन दोऱ्यांवर झुलतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि जालन्याचं बियाणं देशभर पोचलं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुसरीकडे भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटपासून टीएमटी सळई काढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या. त्यात कापसाचा हंगाम लागला की जिनिंगची यंत्रं सुरू होतात. तिन्ही धंद्यांचा माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: माल हलला की धूळ उठते.

ही धूळ माणसाच्या छातीत बसते, हे कळायला विज्ञानाला फार वेळ लागला नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानं १७०० मध्ये कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या लोकांवर त्यानं स्वतंत्र प्रकरण खर्ची घातलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातलं चौदावं कलम धूळ आणि धुराचंच होतं. धूळ जिथे जन्मते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी, अशी अपेक्षा त्यात होती. ‘जवळून’ हा शब्द तिथे उगाच पडलेला नव्हता.

त्याचा पडताळा देवघरात घेता येतो. समईची ज्योत फुंकून विझवता येते. श्वास आत ओढून ती विझवून दाखवणारा माणूस अजून भेटायचा आहे. फुंकर एका दिशेनं जाते, ओढ मात्र चहूकडची हवा गोळा करते. नळीच्या तोंडापासून तिच्या एका व्यासाइतकं दूर गेलं की ओढीचा वेग तोंडाशी असतो त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर येतो. फुंकरीचा वेग इतका खाली यायला सुमारे तीस व्यासांचं अंतर लागतं. म्हणून धुळीपासून दोन हात लांब टांगलेला हूड, म्हणजे ओढनळीचं पसरट तोंड, शोभेचा ठरतो. तोच हूड निम्म्या अंतरावर आणला, तर तीच धूळ पकडायला साधारण चौथाई हवा पुरते. वीजबचतीतलं पहिलं काम हे असं, वेल्डर आणि पत्रा कापणारा मिळाला की होणारं.

आता यंत्रणेकडे. समजा, शेडमध्ये आठ यंत्रं आहेत. प्रत्येक यंत्रावर एक हूड, हूडला जोडलेली शाखानळी, सगळ्या शाखा मिळून मोठी डक्ट, पुढे कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर, त्याच्यामागे ब्लोअर आणि शेवटी धुराडं. आराखडा करणारा इंजिनिअर सगळी यंत्रं एकाच वेळी चालू आहेत असं धरून हवेची बेरीज करतो, वर थोडी शिल्लक ठेवतो आणि त्या बेरजेचा ब्लोअर निवडतो. त्याचं काही चुकत नाही. उद्या आठही यंत्रं एकदम चालली आणि धूळ बाहेर आली, तर बोलणी त्यालाच खावी लागतात.

पण आठही यंत्रं एकदम चालतात कधी?

एखाद्या बीज प्रक्रिया केंद्रातली रात्रपाळी डोळ्यांपुढे आणावी. सोयाबीनचा एक लॉट संपला आहे, दुसऱ्या वाणाचा यायचा आहे. दोन वाणांची भेसळ होऊ नये म्हणून एलिव्हेटरचा तळ उघडून दाणा न् दाणा झाडला जातोय, चाळण्या उतरवल्या आहेत. ट्रीटर बंद, पॅकिंगच्या दोन ओळींपैकी एक बंद. हमाल पोत्यांवर टेकले आहेत. फक्त झाडलोट चालली आहे तिथे थोडी धूळ आहे. भिंतीपलीकडचा ब्लोअर मात्र आठही तोंडांनी पूर्ण जोरात हवा ओढतो आहे, आणि त्यातल्या सहा तोंडांतून येते ती निव्वळ शेडमधली स्वच्छ हवा. ती हवा पिशव्यांतून गाळली जाते, धुराड्यातून आकाशात जाते आणि तिच्या नावाचे युनिट मीटरवर चढतात.

रब्बीत गव्हाला पाणी देणारा शेतकरी असं करत नाही. तो दारं धरतो. दंडातून पाणी येतं, तो फावड्यानं एका वाफ्याचं तोंड फोडतो. वाफा भरत आला की ते बुजवून पुढच्याचं फोडतो. सगळे वाफे एकदम उघडले तर पाणी कुठेच नीट पोचणार नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. इंजिनिअर ज्याला मागणीनुसार वायुवीजन म्हणतात, ते वाऱ्याचं दारं धरणं आहे. फावड्याच्या जागी प्रत्येक शाखानळीत एक सरकतं झाकण येतं. यंत्राच्या मोटारीच्या केबलभोवती विद्युतप्रवाह ओळखणारी कडी बसते. मोटार सुरू झाली की झाकण उघडतं. बंद झाली की लगेच मिटत नाही, मागं राहिलेली धूळ ओढली जाईपर्यंत थोडा दम धरतं आणि मग मिटतं. किती झाकणं उघडी आहेत ते पाहून ब्लोअरचा वेग कमी-जास्त होतो. हे शेवटचं काम ज्या पेटीतून होतं तिला कारखान्यात नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात.

ड्राइव्हशिवाय झाकणांना फारसा अर्थ उरत नाही, आणि गाडी इथेच अडते. हातानं सरकवायची झाकणं पुष्कळ ठिकाणी आधीपासून असतात, गंज धरून अर्धवट उघड्या अवस्थेत. कामगार ती मिटत नाहीत म्हणून त्यांना बोल लावला जातो. पण ब्लोअर तेवढ्याच वेगानं फिरत राहणार असेल, तर झाकण मिटल्यानं वीज थोडीशीच वाचते. पूर्ण वेगानं पंप चालू ठेवून व्हॉल्व्ह दाबत बसण्यासारखं ते आहे. मिटणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, मग मिटायचं कशाला?

वेग कमी केला की मात्र गणित पालटतं. पंख्याचा एक नियम आहे: हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, दाब वेगाच्या वर्गात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनात. वेग ८० टक्क्यांवर आणला तर हवा ८० टक्के मिळते, शक्ती मात्र ५१ टक्केच लागते. वेग निम्मा केला तर शक्ती आठव्या हिश्शावर, म्हणजे साडेबारा टक्क्यांवर येते.

पाटीवर मांडून पाहू. समजा, ब्लोअर ४५ किलोवॉट घेतो आणि वर्षाला ६,००० तास चालतो. वर्षाचे २,७०,००० युनिट झाले. आता त्यातले निम्मे तास तो ८० टक्के वेगानं चालवला. पूर्ण वेगाचे ३,००० तास १,३५,००० युनिट खातील, उरलेले ३,००० तास सुमारे ६९,००० युनिट. बेरीज दोन लाख चार हजारांच्या घरात. वर्षाला जवळपास ६६,००० युनिट वाचले. युनिटला ८ रुपये धरले तर सव्वापाच लाख रुपये. एवढं कशानं झालं? निम्म्या वेळेत ब्लोअर पाचव्या हिश्शानं हळू फिरला, इतकंच.

हा हिशेब पुस्तकी आहे, हेही लगोलग सांगायला हवं. ड्राइव्ह स्वतः थोडी वीज खातो. त्याहून मोठी अडचण अशी, की बऱ्याच ठिकाणी डक्टमधला दाब एका ठरावीक आकड्यावर पक्का बांधून ड्राइव्ह चालवला जातो. दाब हलू दिला नाही तर घनाचा लाभ जातो, बचत हवेच्या प्रमाणातच होते. शाखा मिटतील तसा दाबाचा आकडाही खाली उतरू द्यावा लागतो. विकणाऱ्याच्या पत्रकात ५० टक्के बचत छापलेली असते. विकत घेणाऱ्यानं ती दाब बांधून काढली की सोडून, एवढा एकच प्रश्न विचारावा.

बचत ब्लोअरपाशी थांबत नाही. बॅग फिल्टरच्या पिशव्यांवर धुळीचा थर बसतो, तो झटकायला दाबाखालच्या हवेचे झटके मारतात. कॉम्प्रेसरची हवा कारखान्यातल्या सगळ्यात महाग वस्तूंपैकी एक. पुष्कळ फिल्टरांत हे झटके घड्याळावर लावलेले असतात, धूळ असो वा नसो. फिल्टरच्या अंगाला इंग्रजी ‘यू’च्या आकाराची रंगीत पाण्याची काचनळी असते. तिच्या दोन भुजांतल्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक, तेवढा पिशव्यांचा अडथळा. तो वाढल्यावरच झटका मारला, तर हवाही वाचते आणि पिशव्याही जास्त टिकतात. पण पुष्कळदा त्या नळीतलं पाणी उन्हाळ्यातच आटून गेलेलं असतं.

आता दारं धरणाऱ्याला ठाऊक असलेली दुसरी गोष्ट. दंडातलं पाणी मंदावलं की गाळ खाली बसतो. हवेचंही तेच. जड कण वाहून न्यायला डक्टमध्ये सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो. कापसाच्या तंतूंसारख्या हलक्या धुळीला १३ ते १५ मीटर पुरतात. आठपैकी चार शाखा मिटल्या आणि ब्लोअर त्या मानानं मंद केला, तर मोठ्या डक्टमधला वेग २० वरून १० वर येतो. धूळ तळाशी बसू लागते. काही महिन्यांनी डक्ट अर्धी बुजते आणि तिच्या वजनानं आधाराच्या पट्ट्या वाकतात. म्हणून वेगाला खालची मर्यादा बांधावी लागते. त्या मर्यादेखाली जायची वेळ आली, तर टोकाची एखादी शाखा मुद्दाम उघडी ठेवावी लागते, किंवा पाळी संपताना काही मिनिटं पूर्ण जोर देऊन डक्ट धुऊन काढावी लागते.

बसलेली धूळ नुसती अडचण करत नाही, ती पेटते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ माणसं गेली. साखर खाण्याची वस्तू, तिला दारूगोळा म्हणून कोण पाहील? धान्याची, सरकीची, कापसाची धूळही त्याच जातीची. विजेचे चार युनिट वाचवताना डक्टमध्ये असा साठा होऊ देणारी यंत्रणा बचतीची म्हणता येणार नाही.

जालन्याच्या दृष्टीनं आणखी दोन बारकावे आहेत. ते पुस्तकांपेक्षा शेडमध्ये लवकर कळतात.

पहिला बियाण्याचा. बीज प्रक्रियेतली सगळी हवा धुळीसाठी नसते. क्लीनरमधली हवा पोचट दाणा उडवते. ग्रॅव्हिटी सेपरेटरमधली हवा जाळीखालून येते, दाण्यांचा थर तरंगवते आणि हलका दाणा जड दाण्यापासून वेगळा काढते. ही खळ्यावरची उपणणीच, जरा सुधारलेली. ती हवा मालाच्या प्रतीशी बांधलेली आहे, तिला हात लावायचा नसतो. हौसेनं सगळ्याच पंख्यांना ड्राइव्ह लावून सगळेच मंदावले, तर वीज वाचेल आणि उगवणशक्तीच्या चाचणीत लॉट नापास होईल. आधी कामाची हवा कोणती आणि धुळीची कोणती, याची वेगळी यादी करावी लागते.

दुसरा भट्टीचा. इंडक्शन फर्नेसमध्ये बहुधा एका विद्युत पॅनलवर दोन भट्ट्या असतात. एक वितळवत असते, दुसरी थांबलेली असते. दोन्हींवरचे हूड कायम उघडे ठेवले, तर निम्मी ओढ थंड भट्टीवर वाया जाते. चालू भट्टीतही धूर सारखा नसतो. तेलकट, रंग लागलेलं भंगार आत पडतं तेव्हा लोट उठतात, रस तयार होऊन थांबला की ते कमी होतात. वाऱ्याचं दारं धरायला याहून सोयीची जागा मिळणं कठीण. पण थांबलेली भट्टी म्हणजे धूळ नसलेली भट्टी, असं समजणाऱ्याची इथे फसगत होते. त्याच वेळी तिचं जुनं अस्तर फोडलं जातं आणि नवं रॅमिंग मास ठोकून बसवलं जातं. ते असतं सिलिकाचं. पांढरी, डोळ्यांना सौम्य दिसणारी ती धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. सिलिकोसिस म्हणतात तो आजार हाच. मोटारीचा प्रवाह पाहून झाकण मिटणाऱ्या यंत्रणेला ती दिसत नाही, कारण अस्तर ठोकताना भट्टीचा पॅनल बंद असतो. अस्तराच्या कामासाठी वेगळं बटण हवं, आणि ते अस्तर ठोकणाऱ्या माणसाच्या हातात हवं.

भट्टीच्या धंद्यात एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. एक टन पोलाद वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. त्यापुढे ब्लोअरचे युनिट म्हणजे हत्तीपुढे शेळी. ज्याचं महिन्याचं वीजबिल कोटींत आहे, त्यानं पंख्याच्या लाखांकडे का पाहावं?

पाहावं अशासाठी, की हाच पंखा बंद करायचा मोह सगळ्यांत आधी होतो. भट्टी थांबवली तर माल थांबतो, ब्लोअर थांबवला तर माल थांबत नाही. नुसता धूर शेडमध्ये राहतो, रात्री तो बाहेरूनही दिसत नाही. अंधार पडला की धूर वाढतो, ही तक्रार औद्योगिक वसाहतींच्या शेजारी राहणारे लोक ठिकठिकाणी करत आले आहेत. ती जिथे खरी असते तिथे तिच्या मुळाशी बरेचदा हीच यंत्ररचना असते: ब्लोअरला दोनच गती ठाऊक, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. पूर्ण चालू परवडत नाही, असं मालकाला वाटतं. पूर्ण बंद कामगाराच्या छातीला आणि शेजारच्या वस्तीला परवडत नाही. ज्या ब्लोअरला ६० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशा मधल्या पायऱ्या येतात, तो बंद करायचं कारणच उरत नाही. वीज वाचवणं आणि धूळ पकडणं या एकमेकींच्या सवती नाहीत. त्यांचं भांडण त्या दोनच खुणांच्या स्विचनं लावून दिलेलं आहे.

जगात हा विचार आता नवा राहिलेला नाही. सुतारकामाच्या मोठ्या कारखान्यांत तो आधी रुजला, कारण तिथे एक माणूस दिवसभरात पाच यंत्रांवर फिरतो आणि एका वेळी एकच चालवतो. कॅनडातल्या सडबरी परिसरातल्या खोल खाणींनीही तो उचलला. जमिनीखाली ज्या बोगद्यात माणूस किंवा डिझेलचं वाहन आहे तिथेच हवा वाढवायची, रिकाम्या बोगद्यात कमी करायची. आपल्याकडे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, २००२ पासून ऊर्जा दक्षता ब्युरो आहे, राज्यात महाऊर्जा आहे, ऊर्जा अंकेक्षण करणारे प्रशिक्षित लोक आहेत. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये ड्राइव्ह काही परका नाही, त्याची दुरुस्ती करणारे हात इथेच आहेत. रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा संकुल २०१८ पासून याच शहरात आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवाच असतो, आणि तो संकुलापासून फार लांब नाही.

तरीही खरेदीची घाई नको. पहिल्या आठवड्यात एक रुपयाचंही यंत्र विकत न घेता जे करता येतं, ते असं. एक उदबत्ती पेटवून ती प्रत्येक हूडच्या तोंडाशी, मग वीतभर दूर, मग हातभर दूर धरायची. धूर कुठपर्यंत आत वळतो ते खडूनं लिहून ठेवायचं. मात्र हे यंत्र थांबलेलं आणि तिथली धूळ झाडून घेतलेली असतानाच, आणि कापूस किंवा सरकीच्या शेडमध्ये तर उदबत्ती पेटवायचीच नाही. तिथे दोऱ्याला बांधलेली कागदाची पट्टी पुरते. मग काचनळीत पाणी भरून रोज एकदा फरक टिपायचा.

आणि एक वही घालायची. आठ यंत्रांचे आठ रकाने, दर पंधरा मिनिटांनी एक ओळ. चालू असेल तर उभी रेघ, बंद असेल तर रिकामा. दिवसाच्या ९६ ओळी, सात दिवसांच्या ६७२. रात्रपाळीतल्या ओळी सुपरवायझरनं सकाळी अंदाजानं भरलेल्या नकोत, त्या त्या वेळी भरलेल्या हव्यात. आठवड्यानं ती वही मालक, वीजतंत्री आणि यंत्रावरचा कामगार यांनी एकाच टेबलावर उघडून पाहावी. एकाच ओळीत आठही रेघा किती वेळा पडल्या, ते बोटानं मोजता येईल.